डिस्क नवी, मास्टर जुना: एका सी-१० ट्रकच्या पुढच्या ब्रेकचे प्रकरण

गाडी: १९६९ ची शेव्हर्ले सी-१०, अर्ध्या टनाची, टू-व्हील-ड्राइव्ह. चारही चाकांना ड्रम, बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही. तक्रार दोन ओळींची होती. उतारावर दोन-तीनदा ब्रेक दाबले की पेडल खाली खाली जाते, आणि पाण्यातून गेल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

दोन्ही तक्रारी ड्रमच्या स्वभावातल्याच आहेत. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्ट्यापासून, लांब जातो, त्यामुळे लायनर टेकायला पेडल जास्त दाबावे लागते. डिस्कची जाडी तापल्यावर वाढते, म्हणजे ती तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडकडेच सरकते. बाजूला ओढण्याचे कारण वेगळे आहे. या ड्रममध्ये पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन मागच्या लायनरला रेटतो. त्यामुळे पायाला कमी जोर लागतो, पण घर्षणातला थोडासा फरकही तितक्याच पटीने मोठा होतो. डावा लायनर ओला आणि उजवा कोरडा असला की स्टेअरिंग हातातून ओढले जाते. पुढे डिस्क बसवली की दोन्ही तक्रारी मिटतात. मात्र ड्रमची ती फुकटची मदत जाते आणि सगळा जोर ऑइलच्या दाबातूनच यावा लागतो. पुढे या गाडीत जे जे बिघडले, ते या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

काय बसवले

१९७१ पासून सी-१० ला कारखान्यातूनच पुढे डिस्क येऊ लागली, त्यामुळे त्या पिढीचा नकल (चाक ज्यावर बसते तो वळणारा सांधा), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) आणि डिस्क जुन्या गाडीवर आणण्याचा रस्ता मळलेला आहे. कॅलिपर एका पिस्टनचा, तरंगता (म्हणजे आडवा सरकू शकणारा), पिस्टनचा व्यास २-१५/१६ इंच, म्हणजे ७४.६ मिलिमीटर. डिस्क हवेच्या पोकळीची, व्यास ११.८६ इंच, नवी असताना जाडी १.२८ इंच.

पहिला पेच चाकांच्या नटांचा. १९७१ ला अर्ध्या टनाच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत सहा नटांची चाके जाऊन पाच नटांची आली. पुढे पाच आणि मागे सहा असे ठेवले तर स्टेपनी एकाच टोकाला चालते. पाच नट हवेच असतील तर मागचे अॅक्सल शाफ्ट आणि ड्रमही बदलावे लागतात. या गाडीत मागे हात लावायचा नव्हता, म्हणून सहा नटांसाठी पाडलेली डिस्क घेतली. निर्णय बरोबर होता. दुसरा पेच चाकाच्या रिमचा: ड्रमच्या काळातले १५ इंची लोखंडी रिम कॅलिपरला आतून घासू शकतात. रिम नुसता लावून हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहिल्याशिवाय जुने रिम ठेवायचे की नाही ते ठरवू नये. या गाडीत डाव्या बाजूला रिमवरचे तोलाचे शिसे कॅलिपरला लागत होते, रिम नव्हे. शिसे बाहेरच्या कडेला लावले आणि काम भागले.

ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. या वयाच्या गाडीच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. साबणाच्या पाण्याने भिजवायची, फडक्याने पुसायची आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे.

नकल बसवताना बॉल जॉइंट आणि टाय रॉडचा टेपर जुळतो का, ते आधी तपासले. टेपरला निळा रंग लावून दांडी घट्ट दाबायची, काढायची, आणि रंग सगळीकडून सारखा लागला आहे का ते पाहायचे. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पट्टा उठला, तर तो जॉइंट त्या नकलचा नाही. नट कितीही आवळला तरी तो पुढे ढिला होणारच. बॉल जॉइंटच्या नटाचे भोक स्प्लिट पिनसाठी जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, कधीही मागे सोडायचा नाही.

व्हील बेअरिंगचा नियम याच्या नेमका उलटा आहे, आणि घाईत गफलत इथेच होते. चाक फिरवत फिरवत नट १२ फूट-पौंडाला आवळायचा, म्हणजे बेअरिंग नीट बसते. मग पूर्ण सैल करायचा, बोटांनी टेकवायचा आणि पिनचे भोक जुळेपर्यंत मागे घ्यायचा. डायल गेजवर प्ले ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या दरम्यान हवा. ड्रमच्या गाडीत बेअरिंगचा थोडा जास्त प्ले खपून जातो. डिस्कमध्ये मात्र वळणावर डिस्क कलते, पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पहिले पेडल रिकामे जाते. दुसऱ्यांदा दाबल्यावर ते ठीक लागते, म्हणून लोक हवा राहिली समजून पुन्हा पुन्हा हवा काढत बसतात. डिस्क आणि हब इथे एकाच ओतीवाचे असल्यामुळे ब्रेकची उष्णता थेट बेअरिंगपर्यंत येते. ग्रीस जास्त तापमानाचे, डिस्क ब्रेकसाठीचे घ्यावे.

डिस्कचा डगमग बाहेरच्या कडेपासून इंचभर आत मोजला. मर्यादा ०.१० मिलिमीटर. जास्त आला तर आधी डिस्कला दोष देऊ नये. नव्या बेअरिंगची वाटी बसवताना खाली राहिलेली कचऱ्याची एक कणीही हे करते.

कॅलिपरचे सरकते बोल्ट ३५ फूट-पौंडाला, त्यांच्या नळ्यांत सिलिकॉन ग्रीस. होजच्या पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर. हा बोल्ट नीट पाहून घ्यावा: दिसायला सारखेच कॅलिपर इंची आणि मेट्रिक अशा दोन्ही आट्यांचे मिळतात. किंचित बारीक बोल्ट मोठ्या भोकात फिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि शेवटच्या पाव फेऱ्यात आटे खातो. हवा काढायचे ब्लीडर निपल वरच्या बाजूला आहे ना, तेही पाहावे. डावा कॅलिपर उजवीकडे सहज बसतो, पण मग निपल खाली येते, हवा वर अडकते आणि दहा बाटल्या ऑइल ओतले तरी पेडल स्पंजासारखेच राहते. इथे कॅलिपर आपापल्या बाजूलाच होते.

होज डिस्कसाठीचेच घेतले. स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून, चाके लटकती आणि चाके दबलेली अशा दोन्ही स्थितींत होज कुठे ताणला जात नाही ना, ते पाहिले.

इथवर काम चोख होते. पुढची चूक मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या सिलिंडरची.

जुना मास्टर का ठेवला गेला

१९६७ पासून या गाड्यांना दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर येतो. पुढची लाइन फुटली तरी मागचे ब्रेक शाबूत राहतात. ‘डबल मास्टर आहेच, मग कशाला बदलायचा?’ असा हिशेब झाला. नळ्या जुळत होत्या, गळती नव्हती, किट नुकतेच टाकलेले होते. पण दोन सर्किट असणे आणि डिस्कला योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ड्रमसाठीच्या त्या काळच्या मास्टरमध्ये नळी जिथे बसते त्या पितळी सीटच्या मागे एक छोटा रबरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असते. त्याला रेसिड्युअल व्हॉल्व्ह म्हणतात. पेडल सोडले तरी लाइनमध्ये तो साधारण १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवतो. ड्रममध्ये त्याचा उपयोग आहे: व्हील सिलिंडरमधल्या रबरी कपाच्या कडा भिंतीला टेकून राहतात आणि पेडल झटकन सोडल्यावर हवा आत ओढली जात नाही. लायनरना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा इतक्या जोरकस असतात की १० पीएसआयला त्या दाद देत नाहीत.

डिस्कच्या कॅलिपरला अशी स्प्रिंगच नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी सील दाबाखाली किंचित वळते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. मागे घेणारे एवढेच. आता हिशेब करू. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ४३.७ चौरस सेंटिमीटर. १० पीएसआय म्हणजे ०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: पेडलवर पाय नसतानाही प्रत्येक कॅलिपर डिस्कला सुमारे ३१ किलोने चिमटीत धरून बसलेला.

पॅडचे घर्षण ०.३५ धरले तर दोन्ही बाजूंचे मिळून २१-२२ किलो होते. डिस्कवर पॅडची सरासरी त्रिज्या साडेबारा सेंटिमीटर आणि टायरची ३६ घेतली, तर ताशी ६० किलोमीटरला एका चाकावर सुमारे १.२ किलोवॅट उष्णता तयार होते. पाणी तापवायची कॉइल प्रत्येक पुढच्या चाकात चालू ठेवून गाडी हाकण्यासारखे हे आहे. सीलचा खेच यातला थोडा दाब खातो, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी येईल. पण चित्र हेच.

या गाडीत तेच घडले. जॅकवर चाक फिरवताना घासत होते. ‘पॅड नवे आहेत, बसतील’ म्हणून ते सोडून दिले गेले. रस्त्यावर काही किलोमीटरांत हबची टोपी हात लावू न देण्याइतकी तापली, दोन्ही बाजूंना, आणि गाडी उतारावर सोडली तरी आपोआप थांबू लागली.

निदान

डिस्क चिकटण्याची कारणे चार-पाच आहेत, आणि ती वेगळी काढण्याची पद्धत फार सोपी आहे. दाब कुठे अडकला आहे, ते मास्टरपासून चाकाकडे एकेक सांधा सोडत शोधायचे. ब्रेक दोन-तीनदा दाबून पाय काढा, चाक घासते आहे याची खात्री करा आणि क्रमाने जा.

आधी मास्टर धरून ठेवणारे दोन नट तीन-चार मिलिमीटर सैल करून मास्टर पुढे ओढायचा. चाक सुटले तर पुशरॉड, म्हणजे पेडलचा जोर मास्टरच्या पिस्टनला देणारी दांडी, लांब आहे. लांब पुशरॉड मास्टरच्या पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही, ऑइल परत टाकीत जाण्याचे बारीक भोक झाकलेलेच राहते आणि ऑइल तापून फुगले की त्याला जायला वाट नसते. इथे नट सैल करून काही फरक पडला नाही.

मग पुढच्या लाइनचा नट मास्टरपाशीच अर्धा फेरा सोडायचा. इथे ऑइलची छोटी चिळकांडी उडाली आणि दोन्ही चाके एकदम मोकळी झाली. दोष मास्टरमध्येच आहे हे ठरले. या टप्प्यावरही चाक सुटले नसते तर कॅलिपरचे निपल उघडायचे. तेव्हा सुटले तर मधली नळी किंवा आतून सुजलेला होज. तिथेही नाही सुटले तर ऑइलचा प्रश्नच नाही, पिस्टन किंवा सरकते बोल्ट अडकले आहेत.

खरे तर सांधे सोडण्याआधीच लक्षणांवरून अंदाज बांधता आला असता. पुशरॉड लांब असेल तर सुरुवातीला चाक मोकळे असते, गाडी चालत जाते तसे चिकटणे वाढते, पेडल वर येते, कडक होते आणि शेवटी चाक जाम. रेसिड्युअल व्हॉल्व्हचे चिकटणे पहिल्या दाबापासून असते आणि तेवढेच राहते, कारण १० पीएसआयच्या वरचा दाब तो व्हॉल्व्ह परत टाकीत सोडतोच. या गाडीत पेडल शेवटपर्यंत एकसारखे होते. तेवढ्यावरूनच पुशरॉड बाद करता येत होता.

‘नवे पॅड बसतील’ हे वाक्य किती खरे, ते स्प्रिंगच्या काट्याने ठरवावे. टायरच्या कडेला दोरी गुंडाळून ओढायचे. मोकळे चाक एक-दोन किलोत फिरते. वरच्या हिशेबाने अडकलेला दाब पूर्ण असेल तर सात-साडेसात किलो लागतात. नव्या पॅडची बारीक खरखर आणि हा खेच यांत गफलत होण्यासारखे काही नाही.

उपाय: फक्त व्हॉल्व्ह काढून का भागले नसते

सीट उपटून आतला रबरी व्हॉल्व्ह काढता येतो आणि बरेच जण तेवढेच करतात. चिकटणे थांबतेही. पण तरंगत्या कॅलिपरच्या एकाच पिस्टनला दोन्ही पॅडची झीज भरून काढावी लागते. प्रत्येक पॅड ८ मिलिमीटर झिजला तर पिस्टन १६ मिलिमीटर पुढे येतो, म्हणजे एका कॅलिपरमध्ये ७० मिलिलिटर आणि दोन्हींत १४० मिलिलिटर ऑइल टाकीतून जाते. ड्रमच्या मास्टरचे कप्पे इतक्यासाठी नसतात. पॅड अर्धे झिजले की कप्पा रिकामा होतो आणि मास्टर हवा ओढतो. म्हणून डिस्क-ड्रम मास्टरच घ्यायचा, ज्यात डिस्कचा कप्पा मोठा असतो. मोठ्या कप्प्याची नळी पुढे जाते ना, ते पाहायचे. नळ्या उलट लागल्या की त्याच चुका पुन्हा.

या गाडीत मास्टर फायरवॉलवर, कॅलिपरपेक्षा उंच आहे, म्हणून पुढच्या लाइनला कोणताच रेसिड्युअल व्हॉल्व्ह नको. मास्टर पायाखाली चॅसिसवर असलेल्या जुन्या गाड्यांत ऑइल आपोआप मागे ओसरू नये म्हणून डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. तो नियम इथे आणू नये.

आता बोअर किती? बूस्टर नाही, पेडलचे प्रमाण ६:१ आणि पायाचा जोर ३५ किलो धरा. मास्टरच्या पिस्टनवर २१० किलो आले. १ इंच बोअरला दाब सुमारे ५९० पीएसआय, १-१/८ इंचाला सुमारे ४६५. उलट बाजूने पाहा: दोन्ही पिस्टन अर्धा मिलिमीटर पुढे सरकवायला ४.४ मिलिलिटर ऑइल लागते. त्यासाठी १ इंच बोअरला पेडल ५२ मिलिमीटर जाते, १-१/८ ला ४१. मोठा बोअर म्हणजे वर लागणारे, पण जड पेडल. लहान बोअर म्हणजे हलके, पण लांब पेडल. ‘मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक’ ही समजूत नेमकी उलटी आहे.

इंजिन आयडलला १६ ते १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम देत होते, म्हणून ८ इंची दुहेरी पडद्याचा बूस्टर आणि १-१/८ इंच मास्टर बसवला. व्हॅक्यूम कमी देणारा जहाल कॅम असता तर बूस्टरविना १ इंच बोअर हा प्रामाणिक पर्याय होता. पेडलच्या दांड्यावर पुशरॉडसाठी दोन भोके आहेत. वरचे, पिव्हटजवळचे, बूस्टर नसतानाचे. खालचे बूस्टरचे. वरच्यात ठेवले तर पायाचा जोर दोनदा वाढतो आणि ब्रेक झटके देतो. बूस्टर आणि मास्टर यांच्यामधल्या दांडीला अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवली. मास्टरच्या पिस्टनच्या खाचेत चिकणमातीचा गोळा ठेवून दाबला की ही मोकळीक मोजता येते.

मास्टर बसवण्याआधी शेगड्यात धरून त्याची हवा काढली: दोन्ही भोकांना आखूड नळ्या लावून त्यांची टोके टाकीतच बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबायचा. मग मागचे लांबचे चाक, मागचे जवळचे, पुढचे लांबचे, पुढचे जवळचे. ऑइल डॉट ३ किंवा ४. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळायचे नाही.

पाऊस आणि मागची चाके

चिकटणे गेले, पेडल वर आले. ओल्या रस्त्यावर रिकाम्या ट्रकला जोरात ब्रेक मारला की मात्र मागची चाके आधी लॉक होऊन गाडीचे शेपूट सरकू लागले. कारण उघड होते: जुन्या गाडीत पुढे-मागे एकच दाब वाटणारा साधा पितळी ठोकळा होता. पुढच्या डिस्कला आता पूर्वीपेक्षा बराच जास्त दाब लागतो. तोच दाब मागे गेला की स्वतःला रेटणारे मागचे ड्रम लगेच धरतात, आणि रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर वजन नसतेच.

ठोकळ्याच्या जागी डिस्क-ड्रमचा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह आला. त्यात तीन कामे एकत्र असतात: मागचे लायनर स्प्रिंगांवर मात करून टेकेपर्यंत डिस्कला थोडे थांबवणे, ठराविक दाबानंतर मागचा दाब कमी वेगाने वाढू देणे, आणि एक सर्किट गेले तर दिवा लावणे. प्रेशर ब्लीडरने हवा काढताना पहिल्या भागाची पिन धरून ठेवावी लागते, नाहीतर इतक्या कमी दाबाला पुढे ऑइल जातच नाही. पायाने पंप करताना हा प्रश्न येत नाही. नळ्यांची टोके ४५ अंशांच्या दुहेरी फ्लेअरची. एकेरी फ्लेअर ब्रेकला चालत नाही.

यानंतरही मागचे डावे चाक एकटे धरत राहिले. इथे हात समायोज्य प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हकडे (मागचा दाब हाताने कमी-जास्त करायच्या व्हॉल्व्हकडे) जातो, आणि तो आवरायला हवा. कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या पाठोपाठ आणखी एक कपात लावली तर माल भरलेला असताना मागचे ब्रेक नावालाच उरतात. शिवाय व्हॉल्व्ह दोन्ही मागच्या चाकांना सारखाच दाब देतो, त्यामुळे एकच चाक धरत असेल तर दोष त्या चाकात आहे. ड्रम उघडल्यावर अॅक्सलचे सील गळून लायनर तेलाने काळा झालेला मिळाला. थोडे तेल लागलेला लायनर घसरण्याऐवजी चावतो. सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. एकाच बाजूचे बदलू नयेत. तेल लागलेला लायनर पेट्रोलने धुवून परत लावू नये. तापला की आतले तेल वर येते. दोन्ही मागचे अॅडजस्टर हाताने टेकवून घेतले तेव्हा पेडलही आणखी बोटभर वर आले.

पॅड बसवायला ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट चालती हवा. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहायचे नाही. नंतर टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) नव्याने लावला, कारण नकल बदलला की स्टेअरिंगचा दांडाही बदलतो.

५०० किलोमीटरांनंतर गाडी पुन्हा जॅकवर घेतली. बेअरिंगचा प्ले मर्यादेत, होजवर घासल्याची खूण नाही, डाव्या होजच्या तांब्याच्या वॉशरपाशी ओलसरपणा. बोल्ट पुन्हा आवळण्याऐवजी दोन्ही वॉशर नवे टाकले. स्प्रिंगच्या काट्यावर दोन्ही पुढची चाके दीड किलोच्या आत फिरली.